सावरतोय का, हे कळायचं कसं?

गणपतीला आठ दिवसांची रजा टाकून माणूस गावी जातो. मोबाइलला रेंज नाही, दुपारची झोप, आरत्या, गप्पा. परत आल्यावर शेजारी म्हणतात, चेहरा किती खुललाय! आणि जेमतेम दोन आठवड्यांत तोच माणूस ठाणे स्टेशनच्या पूर्वेकडच्या जिन्यावर उभा राहून मनाशी म्हणतो, सुट्टी झाली होती की नव्हती? रजा खरी होती, विश्रांतीही खरी होती. मग ती गेली कुठे?

हा अनुभव संशोधकांनी मोजलेला आहे. इस्रायलमध्ये ७६ कारकुनांना सुट्टीच्या आधी, सुट्टीत आणि सुट्टीनंतर असं अनेकदा प्रश्न विचारून १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुट्टीत त्यांचा कामाचा शीण स्पष्ट उतरला होता. कामावर आल्यावर तिसऱ्या दिवशीच तो काही अंशी परतला आणि तीन आठवड्यांत जिथल्या तिथे आला. सुट्टीने काहीच होत नाही, असा याचा अर्थ कुणी काढू नये. पण ताणातून सावरणं हे एकदा करून संपणारं काम नव्हे, ते रोज व्हावं लागतं, एवढं यावरून कळतं. रोज होतंय की नाही, हे ओळखायची रीत बहुतेकांना कुणी सांगितलेली नसते.

चढणं सोपं, उतरणं अवघड

ताण आला की शरीरात दोन यंत्रणा लागोपाठ जाग्या होतात. पहिली मज्जातंतूंची. ती काही सेकंदांत काम करते. गाडी सुटत्येय असं दिसताच छाती धडधडते, हात गार पडतात, तोंड कोरडं पडतं. दुसरी संप्रेरकांची, जरा सावकाश चालणारी. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना कळवते आणि रक्तात कॉर्टिसॉल उतरतं. ताणाची सुरुवात झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी त्याची पातळी सगळ्यात वर असते. म्हणजे साहेबांशी झालेली खडाजंगी संपून आपण जागेवर येऊन बसलो, तरी शरीराच्या लेखी ती अजून रंगात असते.

आता यातला महत्त्वाचा भाग. वाढलेलं कॉर्टिसॉल रक्तातून मेंदूपर्यंत पोचतं, तेव्हा मेंदू ते ओळखतो आणि वरून जाणारा निरोपच थांबवतो. दुसरीकडे व्हेगस नावाची लांबलचक मज्जातंतू हृदयाला आवर घालते, ठोके मंदावतात, पचन सुरळीत होतं. शांत होणं म्हणजे ताण आपोआप विरून जाणं नसतं. ते शरीराचं स्वतंत्र काम आहे आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ मिळण्याआधी दुसरा धक्का आला, तर उतरण अर्ध्यावर थांबते आणि नवी चढण तिथूनच सुरू होते.

अमेरिकेचे संशोधक ब्रूस मॅकइवेन आणि इलियट स्टेलर यांनी १९९३ साली या साचत जाणाऱ्या झिजेचा सिद्धान्त मांडला. त्यात मला सर्वांत पटणारी गोष्ट अशी, की नुकसान मोठ्या प्रसंगांनीच होतं असं नाही. छोटे धक्के वारंवार बसले, किंवा धक्का संपूनही यंत्रणा बंद झाली नाही, तरी रक्तदाब, साखर, झोप आणि स्मरणशक्ती यांवर परिणाम होतो. आणि यंत्रणा बंद न व्हायला बाहेर काही घडावं लागत नाही. तोच प्रसंग मनात घोळवत राहिलं तरी शरीर पुन्हा पुन्हा सज्ज होतं. रात्री साडेदहाला ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला 'उद्या सकाळी बोलू' हा एक निरोप त्याला पुरतो.

ठाणे पूर्वेच्या कोपरीसारख्या ठिकाणी यात प्रवासाची भर पडते. न्यू जर्सीतून मॅनहॅटनला रेल्वेने कामाला जाणाऱ्या दोनशेहून अधिक प्रवाशांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल तपासून गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांनी २००६ साली दाखवून दिलं, की प्रवास जितका लांब तितका ताण जास्त. त्याआधी २००२मध्ये त्यांच्याच कामातून असं दिसलं होतं, की प्रवासाचा अंदाज बांधता येत नाही, याचाही ताणाशी संबंध आहे. ज्यांनी कोपरी पूल रुंद होण्याआधीची पूर्व द्रुतगती मार्गावरची कोंडी भोगली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. रोज ठरलेली चाळीस मिनिटं लागणार असतील तर माणूस त्याची सवय करून घेतो. आज वीस आणि उद्या सत्तर, याची सवय होत नाही.

खाडीचं पाणी आणि आजचा दिवस

'आता बरं वाटतंय ना?' असं कुणी विचारलं की आपण त्या क्षणी जसं वाटतं तसं उत्तर देतो. आज सकाळी झोप बरी झाली असेल तर गेला महिनाही बरा गेल्यासारखा वाटतो. कालच भांडण झालं असेल तर गेले सहा महिने वाईटच होते, असं ठाम वाटतं. आठवण ही आजच्या मनःस्थितीच्या रंगात बुडवून निघते. गेल्या काळातले सर्वांत तीव्र क्षण आणि शेवटचे क्षण तेवढे ठळक राहतात, मधले साधे दिवस पुसले जातात.

ठाण्याच्या मीठबंदराला उभं राहून एकदाच खाडीकडे पाहिलं आणि पाणी वाढतंय की उतरतंय असा निकाल दिला, तर तो निकाल काय कामाचा? दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. चेंदणीच्या कोळ्याला विचारा. तो आजच्या पाण्याची तुलना काल सकाळच्या पाण्याशी करणार नाही, गेल्या पौर्णिमेच्या त्याच वेळच्या पाण्याशी करील. ताणाचंही तसंच आहे. सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल दिवसातल्या सर्वोच्च पातळीला जातं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला सर्वांत खाली येतं. सोमवार हा शनिवारसारखा नसतो. जुलैतला आठवडा डिसेंबरसारखा नसतो. बायकांमध्ये पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात नाडीचे ठोके थोडे वाढलेलेच असतात. तेव्हा तुलना करायची ती सारख्या वेळेशी आणि सारख्या वाराशी, तीही सलग काही आठवडे.

आणखी एक गंमत ध्यानात ठेवायला हवी. माणूस नोंदी ठेवायला लागतो तो अगदी टेकीला आल्यावर. सर्वांत वाईट आठवड्यानंतरचा आठवडा काहीही न करता थोडा बरा जाण्याचीच शक्यता जास्त असते. त्याच सुमारास कुणी काढा सुचवला असेल, तर श्रेय काढ्याला मिळतं. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांच्या नोंदींवरून कसलाही निष्कर्ष काढू नये. ती फक्त सुरुवातीची पातळी समजावी.

वहीत काय लिहायचं

पन्नास रुपयांची वही पुरते. रोज तीनच नोंदी, दोन मिनिटांत होणाऱ्या.

सकाळी डोळे उघडल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी आणि मोबाइल हातात घेण्याआधी, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची. मोठ्या माणसाची विश्रांतीतली नाडी साधारण ६० ते १०० असते. आपला आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून बघू नका. आपलाच गेल्या आठवड्यातला आकडा बघा.

मग झोप. किती वाजता आडवे झालो, अंदाजे किती वाजता डोळा लागला, मध्ये जाग आली का, किती वाजता उठलो.

तिसरी नोंद रात्रीची आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. दिवसात जो सगळ्यात मोठा धक्का बसला, त्यातून पूर्ववत व्हायला किती वेळ लागला? चहा होईपर्यंत सावरलो असेन तर १. जेवणाच्या वेळेपर्यंत लागला तर २. झोपताना कुठे शांत झालो तर ३. दुसऱ्या दिवशी उठल्यावरही तेच डोक्यात असेल तर ती नोंद बदलून ४. ही पट्टी शास्त्रीय चाचणी नव्हे, घरगुती खूण आहे. पण ती जे मोजते, ते फार थोड्या लोकांच्या लक्षात येतं. ताण किती आला हे अनेकदा आपल्या हातात नसतं. आपण किती लवकर परत आलो, यातून सावरण्याची क्षमता कळते.

शेजारी एक ओळ मोकळी सोडावी: ताप, रात्रपाळी, पाळी, मद्य, गाड्या बंद. नंतर वही वाचताना हीच ओळ अर्धी कोडी सोडवते.

चौकट: पंधरवड्यातून एकदा पाच प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेची १९९८पासून वापरात असलेली एक छोटी प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत पाच गोष्टी किती वेळ अनुभवल्या, एवढंच ती विचारते: मन प्रसन्न होतं का, शांत आणि सैल वाटत होतं का, अंगात उत्साह होता का, उठल्यावर ताजंतवानं वाटत होतं का, आणि रोजच्या जगण्यात रस वाटेल अशा गोष्टी होत्या का. प्रत्येक उत्तराला ० (कधीच नाही) ते ५ (सतत) गुण. बेरजेला ४ने गुणलं की १००पैकी आकडा मिळतो. ५० किंवा त्याहून कमी आला तर जाणकाराशी बोलावं. दोन वेळांमध्ये १० गुणांचा फरक पडला तर त्याला सहसा खरा बदल मानतात. दोन-चार गुण इकडेतिकडे झाले तर फार मनावर घेऊ नये.

वही वाचायची कशी

समजा, कोपरी कॉलनीत राहणारी एक तंत्रज्ञ वागळे इस्टेटजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. पहिल्या आठवड्यात तिची सकाळची नाडी सरासरी ८४, झोप सव्वापाच तास, रात्रीच्या नोंदी ४, ४, ३, ४, ३, ४, २. पाच प्रश्नांचा आकडा २८. सहाव्या आठवड्यात नाडी ८०, झोप पावणेसहा तास, रात्रीच्या नोंदी ३, २, ३, ४, २, २, १. आकडा ४०. तिला विचारलं तर ती म्हणेल, काही फरक नाही, रोज काही ना काही होतंच. खरंच आहे, धक्के तेवढेच आहेत. पण सातपैकी चार दिवस ती जेवायच्या आत सावरली. आधी हे आठवड्यातून एकदाच झालं होतं. मधला एक ४ पाहून ती खचली, तर तिला हा बदल दिसणारच नाही. सावरण्याची रेघ कधीच सरळ चढत नाही. दोन पावलं पुढे, एक मागे, असंच ती चालते. म्हणून एकेका दिवसाकडे न बघता सात दिवसांची सरासरी काढायची आणि सरासऱ्यांची तुलना करायची.

परतायला लागणारा वेळ इतका महत्त्वाचा का, याचा एक विलक्षण पुरावा नेदरलँड्समधून आला. पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्या एका मध्यमवयीन गृहस्थाने औषधाचा डोस हळूहळू कमी होत असताना २३९ दिवस स्वतःच्या मनःस्थितीच्या नोंदी केल्या, दिवसातून दहा-दहा वेळा. डोस नेमका कधी कमी होतोय, हे त्याला ठाऊक नव्हतं. २०१६ साली तो अभ्यास छापून आला. नैराश्य उलटलं, पण त्याआधीच नोंदींमध्ये खुणा उमटल्या होत्या. एकदा आलेली भावना रेंगाळू लागली होती, सकाळची मनःस्थिती दुपारपर्यंत चिकटून राहत होती. एका माणसावरून सगळ्यांसाठी नियम बांधता येत नाही. पण २०१४मध्ये बऱ्याच जणांच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासातही हीच दिशा होती. तोल जायच्या आधी मन हट्टी होतं. लहानशा खटक्यातून बाहेर यायला जास्त वेळ घेऊ लागतं.

मनगटावरचं घड्याळ वापरणाऱ्यांसाठी थोडंसं. दोन ठोक्यांमधलं अंतर अगदी सारखं नसतं. श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. ही चढउतार चांगली, ती व्हेगसच्या कामाची खूण आहे आणि घड्याळं तिचाच आकडा देतात. पण ताप, दारू, अपुरी झोप, सैल पट्टा यांनी तो आकडा हलतो. घड्याळ 'आज तुमचा ताण जास्त आहे' म्हणालं म्हणून ताण घेणारी माणसं आहेत. झोपेचा आकडा सुधारण्याच्या धडपडीत झोप उडालेल्या रुग्णांबद्दल डॉक्टरांनी २०१७ सालीच लिहून ठेवलं आहे. वही उघडताना धास्ती वाटायला लागली, तर आठवडाभर ती मिटून ठेवावी.

आणि काही गोष्टी वहीत लिहून थांबायच्या नसतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदासी, कशातच रस नसणं, जगणं नको वाटणं, कामावर जाताना छातीत दुखणं: यांतलं काहीही असलं तर डॉक्टर गाठायचा, वही सोबत न्यायची. सहा आठवड्यांच्या नोंदी समोर असल्या, तर डॉक्टरांना पहिल्या भेटीतच बरंच कळतं. ठाणेकरांना हे दूर नाही. १९०१पासूनचं सरकारी मनोरुग्णालय इथेच आहे आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्थाही. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून रात्रंदिवस चालू आहे.

कामाच्या जागेची वही

इथवर सगळा भार एकट्या माणसावर टाकला. तेवढंच करून थांबलो तर अन्याय होईल. कामावरून येणाऱ्या गळाठ्याला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये आपल्या वर्गीकरणात जागा दिली. त्याला तिने आजार म्हटलं नाही, कामाशी निगडित अवस्था म्हटलं. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं आणि हातून काही धड होत नाही असं वाटणं, ही तिची तीन अंगं. ती वाढतात ती कामाच्या ठिकाणी सतत राहणाऱ्या आणि नीट न हाताळलेल्या ताणामुळे. मग मोजमापही कामाच्या ठिकाणी व्हायला हवं.

पण कसं? साहेबांनी एकेकाला केबिनमध्ये बोलावून 'ताण आहे का?' असं विचारलं तर उत्तर ठरलेलंच: नाही सर. म्हणून नावं न घेता, पूर्ण विभागाची मिळून विचारणा करायची. विभाग चार-पाच जणांचाच असेल तर आकडे जाहीरच करू नयेत, कोण काय म्हणालं ते लगेच ओळखू येतं. शिवाय न विचारताही कळणाऱ्या गोष्टी हजेरीपटात असतातच. हक्काची साप्ताहिक सुट्टी किती जणांना खरोखर मिळाली? एक पाळी संपून दुसरी सुरू होईपर्यंत किती तास गेले? एकेका दिवसाच्या आजारपणाच्या रजा वाढताहेत का? कामाची वेळ संपल्यावर किती निरोप गेले? हे दर महिन्याला काढून मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहिलं, तर ती कचेरी माणसांना सावरू देते की नाही, ते स्पष्ट होतं. योगदिनाचे फोटो पाहून ते कळत नाही.

आपल्या शेजारचंच एक उदाहरण आहे. मुंबईत पोलिसांची ड्युटी १२ तासांची आणि प्रत्यक्षात त्याहून लांबणारी होती. एका शिपायानेच आठ तासांच्या तीन पाळ्यांचा आराखडा वरिष्ठांपुढे मांडला. तत्कालीन पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो उचलून धरला आणि मे २०१६मध्ये देवनार पोलीस ठाण्यात प्रयोग सुरू झाला. पुढे तो मुंबईतल्या इतर ठाण्यांमध्ये नेण्यात आला. त्या शिपायाने सहकाऱ्यांना श्वासाचे व्यायाम सुचवले नाहीत. त्याने घड्याळाला हात घातला. आठ तासांच्या पाळीला माणसं जास्त लागतात, अडतं ते तिथेच. पण उतरणीला वेळ मिळाला पाहिजे, हे शरीरशास्त्राचं म्हणणं त्याच्या आराखड्यात नेमकं आलं होतं.

हे म्हणणं ठाण्याला नवं नाही. १८४८ साली ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये गिरणी कामगारांची सभा घेऊन मागण्या मांडल्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम आणि पगार ठरल्या तारखेच्या आत. त्यांना संप्रेरकं ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण मागण्या पुन्हा वाचा: रोजची उतरण, आठवड्याची उतरण आणि अनिश्चितता कमी करणं, सगळं त्यात आहे. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली.

सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दैनंदिन कामाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. त्यावरचा वाद ओव्हरटाइमच्या पैशांभोवती जास्त फिरतो. माझ्या मते आधी एक साधी वजाबाकी करावी. युरोपीय संघाच्या २००३च्या नियमानुसार दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग ११ तासांची विश्रांती द्यावी लागते. कोपरीतून तळोजा किंवा अंबरनाथच्या कारखान्यात जाणाऱ्याचे जाण्यायेण्याचे तीन तास धरले आणि काम १२ तासांचं झालं, तर दिवसाचे ९ तास उरतात. त्यातच आंघोळ, जेवण, मुलांचा अभ्यास आणि झोप. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडल्यापासून पुन्हा आत शिरेपर्यंतचे हे तास, प्रवास वजा करून, प्रत्येक पाळीच्या तक्त्यावर लिहिले गेले पाहिजेत. कामगार संघटनांनी ते मागावेत आणि महिन्याच्या महिन्याला तपासावेत.